किटचं विमान घ्यावं की कारखान्यातलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खासगी वैमानिकाचा परवाना आहे, आजवरचं बहुतेक उड्डाण भाड्याच्या सेस्ना १७२ वर, म्हणजे कारखान्यात बनलेल्या चार आसनांच्या विमानावर झालंय आणि आता स्वतःचं विमान घ्यायचंय. मित्र म्हणतो, किटचं, म्हणजे सुटे भाग मागवून घरी जोडायचं, दोन आसनांचं आरव्ही-७ बांध किंवा कोणी बांधलेलं विकत घे, तेवढ्याच ताकदीच्या इंजिनावर कितीतरी जास्त वेग मिळेल. घरचे म्हणतात, कोणीतरी गॅरेजमध्ये जोडलेल्या विमानात आम्ही पाऊल ठेवणार नाही. यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारताय.

मी दोन्ही प्रकारच्या विमानांची देखभाल करतो, विकत घेणाऱ्यांसाठी तपासणी करतो आणि स्वतः बांधलेलं दोन आसनांचं विमान उडवतो. मित्र वेगाबद्दल बोलतोय, घरचे भरवशाबद्दल बोलताहेत आणि तुम्हाला ठरवायची आहे ती तिसरीच गोष्ट: विमानातल्या प्रत्येक सांध्याची, नळीची आणि तारेची जबाबदारी कोणी घ्यायची? कारखान्याच्या विमानात ती उत्पादक आणि नियामक यांनी मिळून घेतलेली असते. किटच्या विमानात ती बांधणाऱ्याची असते. दुसऱ्या कोणी बांधलेलं विमान घेतलंत तर ती जबाबदारी तुमच्याकडे येते, पण बांधता बांधता त्याला जे कळलं ते तुमच्याकडे येत नाही. माझं बाकीचं उत्तर या मुद्द्याभोवतीच फिरतं.

नियम देशागणिक बदलतात. मी खाली उदाहरणं अमेरिकेच्या नियमांची घेतोय, कारण किट विमानांचा सगळ्यात मोठा ताफा तिथे आहे आणि अपघातांच्या नोंदीही तिथे नीट ठेवल्या जातात. तुम्हाला जे नियम लागू आहेत ते तुमच्या नियामकाकडून वेगळे समजून घ्या.

आधी कारखान्याचं विमान. सेस्ना १७२ चं उत्पादन १९५६ पासून आहे आणि आजवर ४४,००० हून जास्त बनली. ज्या नमुन्याला प्रमाणपत्र मिळतं त्याच्या रचनेचे भार-चाचण्यांमध्ये हाल केलेले असतात, स्टॉलच्या, म्हणजे वेग फार कमी होऊन पंखाची उचल सुटण्याच्या, आधी इशारा मिळतो का ते पाहिलेलं असतं, फिरकीतून तो कसा बाहेर येतो ते वैमानिकांनी मुद्दाम करून बघितलेलं असतं. एका इंजिनाच्या विमानाचा स्टॉलचा वेग ६१ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वर जाऊ नये अशी मर्यादाही या प्रमाणपत्राच्या नियमांत अनेक वर्षं होती. त्यानंतर कारखान्याला वेगळी परवानगी घ्यावी लागते ती उत्पादनाची, म्हणजे पुढचं प्रत्येक विमान मूळ नमुन्यासारखंच निघेल याची. म्हणून पुस्तिकेत लिहिलेला धावपट्टीचा आकडा तुमच्या विमानालाही लागू पडतो. म्हणूनच एखाद्या १७२ वर शिकलेला माणूस दुसऱ्या १७२ मध्ये बसला की त्याचा हात इंधनाच्या झडपेकडे न बघता जातो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

किटच्या विमानात आराखडा सिद्ध झालेला असतो, तुमचं विमान नव्हे. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतली १०,००० हून जास्त विमानं उडाली आहेत, त्यामुळे पंखाची रचना बरोबर आहे का याची काळजी करण्यात अर्थ नाही. पण तुमच्या पंखातला प्रत्येक रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी धातूची खीळ, कोणी ठोकला, हे त्या संख्येवरून कळत नाही. अमेरिकी नियमानुसार विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी बांधणाऱ्याने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः बनवलेला असावा लागतो. याला सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. काम पूर्ण झाल्यावर निरीक्षक येतो, विमान आणि कागदपत्रं बघतो आणि प्रायोगिक वर्गातलं प्रमाणपत्र देतो. हे विमान प्रमाणित विमानांच्या निकषांना उतरतं, असं तो म्हणत नाही. उलट तसं उतरत नाही, ही सूचना प्रवाशाला दिसेल अशी आत लावावीच लागते. त्यानंतर चाचणीची उड्डाणं: प्रमाणित इंजिन आणि त्याला मंजूर असलेला प्रोपेलर असेल तर सहसा २५ तास, नाहीतर ४०. त्या काळात प्रवासी नाही आणि दाट वस्तीवरून उड्डाण नाही.

आता तुमच्या मित्राचा मुद्दा. वेगाचं त्याचं म्हणणं खरं आहे. १८० अश्वशक्तीचं १७२ साधारण १२४ नॉटने जातं, तेवढ्याच इंजिनाचं आरव्ही-७ १७० नॉटच्या आसपास. बरेच जण याचा अर्थ असा लावतात की कारखाने आळशी आहेत किंवा किटमध्ये सुरक्षेशी तडजोड केलेली असते. आकडे बघितले की दोन्ही समजुती गळून पडतात. १७२ चा पंख १७४ चौरस फुटांचा आणि कमाल वजन २,५५० पौंड. आरव्ही-७ चा पंख १२१ चौरस फुटांचा आणि वजन १,८०० पौंड. भागाकार करा: दोन्हीकडे चौरस फुटाला १५ पौंडांच्या आतबाहेर भार येतो. त्यामुळे स्टॉलचा वेगही दोघांचा ५० नॉटच्या आसपासच आहे. वेग येतो तो विमान लहान असल्यामुळे, पंखाला आधाराच्या दांड्या नसल्यामुळे, पत्र्यात बुडवलेल्या रिव्हेटमुळे आणि इंजिनाच्या घट्ट बसलेल्या आवरणामुळे. किंमत मोजायची ती दोन आसनांची आणि बऱ्याचशा सामानाची. म्हणजे तुमच्या घरच्यांपैकी एकच जण एका वेळी बरोबर येऊ शकतो. हा हिशेब मित्राने मांडलेला दिसत नाही. चार आसनं हवी असतील तर त्याच मालिकेत आरव्ही-१० आहे, पण त्याला सहसा २६० अश्वशक्तीचं इंजिन लावतात आणि बांधण्याचं कामही त्या मानाने वाढतं.

हातातला फरकही मोठा आहे. १७२ ला वळायला सांगावं लागतं, आरव्ही नुसत्या मनगटाच्या दाबाने वळतं. उडवायला ते फार आनंदाचं आहे, हे मी मनापासून सांगतो. पण नाक थोडं खाली गेलं की वेग झपाट्याने वाढतो, उतरायला येताना तो लवकर कमी करावा लागतो आणि ढगाळ हवेत नकाशात डोकं घालून बसलात तर विमान १७२ सारखं तुमची वाट बघत सरळ जात नाही.

जाता जाता इतिहासातली एक गोष्ट, कारण ती या तुलनेच्या मुळाशी आहे. सेस्नाने १९८६ मध्ये लहान पिस्टन विमानं बनवणं थांबवलं. उत्पादकांवरचे भरपाईचे दावे हे त्याचं मोठं कारण होतं. १९९४ मध्ये अमेरिकेत ती जबाबदारी मर्यादित करणारा कायदा आला आणि मग १९९६ मध्ये १७२ चं उत्पादन परत सुरू झालं. मधल्या वर्षांत नवं काही करू पाहणारे लोक किटकडे वळले. पॅराशूटसाठी ओळखली जाणारी सिरस कंपनी सुरुवातीला व्हीके-३० नावाचं किट विकायची. लँकेअरच्या किटमधून पुढे प्रमाणित कोलंबिया विमान आलं. पडद्यावरची उपकरणं आणि चांगले ऑटोपायलट लहान विमानांत सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले तेही आधी घरी बांधलेल्या विमानांमध्येच, कारण तिथे प्रत्येक बदलासाठी मंजुरीचा कागद लागत नाही. तेव्हा 'कारखान्याचं म्हणजे आधुनिक आणि घरचं म्हणजे जुगाड' ही समजूत सोडून द्या. मी तपासतो त्यातल्या कित्येक कारखानी विमानांचे पत्रे १९७० च्या दशकातले आहेत आणि त्यांच्या आतल्या बाजूचा गंज बघितला तर घरच्यांचा भरवसा तिथेही डळमळेल.

मग घरी बांधलेल्या विमानात कुठे बघायचं? रिव्हेटपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांना भीती त्यांचीच वाटते. ठोकल्यावर रिव्हेटचं जे डोकं तयार होतं ते दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच असावं. म्हणजे १/८ इंचाच्या रिव्हेटला ३/१६ इंच रुंदी आणि १/१६ इंच उंची. हे मोजायला छोटं गेज मिळतं. त्याआधी भोकाच्या दोन्ही कडांची बर (ड्रिलने उठलेली धारदार कोर) काढलेली असावी लागते, नाहीतर तिथून तडा सुरू होतो. नवशिक्याची खरी अडचण पुढे येते: एखादं डोकं किंचित तिरकं बसलं की तो रिव्हेट ड्रिलने काढतो, भोक मोठं होतं, मग जाड रिव्हेट घालतो आणि चांगला सांधा कमकुवत करून बसतो. जरासा कमी देखणा रिव्हेट तसाच ठेवणं अनेकदा शहाणपणाचं असतं. अशा सांध्यात रिव्हेटच इतके असतात की थोडं कमीजास्त झालं तरी रचना ते पोटात घालते. रिव्हेटमुळे पंख गळून पडल्याची भीती घेऊन लोक माझ्याकडे येतात, पण तपासणीत मला धोक्याच्या जागा सापडतात त्या सहसा दुसरीकडे असतात.

किटचे भागही डोळे मिटून घ्यायचे नाहीत. आजकालच्या किटमध्ये भोकं आधीच अचूक पाडलेली येतात आणि त्यामुळे वाकडं विमान बांधणं जवळपास अशक्य झालंय. पण २०२३ मध्ये व्हॅन्सच्या काही भागांमध्ये लेझरने कापलेल्या भोकांना खळगी पाडताना चिरा जाताहेत असं आढळलं. भाग बदलून देण्याचा बोजा हे एक कारण होऊन कंपनीने त्या डिसेंबरमध्ये न्यायालयाकडे दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं आणि २०२४ मध्ये ती त्यातून बाहेरही आली. त्या चिरा शोधल्या कोणी? बहुतेक करून गॅरेजमध्ये भिंग घेऊन बसलेल्या बांधणाऱ्यांनी. चांगला बांधणारा म्हणजे काय ते यावरून कळेल.

धोक्याची जागा सहसा फायरवॉलच्या (इंजिन आणि वैमानिकाची जागा यांच्यामधल्या भिंतीच्या) पुढे आणि इंधनाच्या वाटेवर असते. इंधनाची टाकी पंखातच असते आणि तिचे सांधे चिकट काळपट सीलंटने बंद करतात. तपासायची रीत साधी आहे: टाकी बंद करून हवेच्या नळीला फुगा बांधायचा, आत अगदी थोडी हवा भरायची आणि प्रत्येक शिवणीवर साबणाचं पाणी लावायचं. फुगा संध्याकाळी थोडा बसला तर घाबरू नका, हवा थंड झाली की तो आक्रसतोच. बुडबुडा दिसला तर मात्र तिथे गळती आहे. त्यापुढे प्रवाहाची चाचणी: नाक चढणीच्या कोनात वर उचलून कार्ब्युरेटरपाशी मिनिटाला किती इंधन येतं ते मोजायचं. पंप असेल तर टेकऑफला लागतं त्याच्या सव्वापट आणि नुसत्या उतारावर चालणारी व्यवस्था असेल तर दीडपट यायला हवं. मी विमान तपासायला जातो तेव्हा या चाचणीची लिखित नोंद आधी मागतो. ज्याने ती केली असते त्याचं बाकीचं कामही बहुधा नीट असतं. ज्याला हा प्रश्नच कळत नाही, त्याच्या विमानाचा रंग कितीही चकाकत असला तरी मी गिऱ्हाइकाला थांबवतो.

अपघातांचे आकडे हेच सांगतात. अमेरिकेची अपघात तपास संस्था एनटीएसबी हिने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान विमानांच्या ताफ्यात ही विमानं १० टक्क्यांच्या आसपास होती, पण २०११ मधल्या अपघातांपैकी साधारण १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांपैकी २१ टक्के त्यांचे होते. घरच्यांची शंका हवेतली नाही, हे यावरून मान्य करायला हवं. पण अभ्यासाचा आतला भाग जास्त महत्त्वाचा आहे. इंजिन बंद पडणं आणि हवेत ताबा सुटणं ही प्रमुख कारणं होती. अपघातांचा मोठा वाटा विमानाच्या आयुष्याच्या सुरुवातीच्या उड्डाणांत होता, किंवा नव्या मालकाच्या हाती विमान आल्यानंतर लगेचचा. आणि अपघातात सापडलेल्या विमानांपैकी निम्म्याहून जास्त चालवणाऱ्याने स्वतः बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती.

यावर १२ ऑक्टोबर १९९७ चा अपघात मी प्रत्येक खरेदीदाराला सांगतो. गायक जॉन डेन्व्हर कसलेले वैमानिक होते. त्यांनी दुसऱ्याने बांधलेलं लाँग-ईझी विमान नुकतंच विकत घेतलं होतं. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायची झडप वैमानिकाच्या दोन पायांमध्ये, समोर आहे. या विमानाच्या बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्याच्या मागे बसवली होती आणि तिच्यावर खुणाही नव्हत्या. उड्डाणाआधी इंधन भरलं गेलं नाही. हवेत टाकी बदलायची वेळ आली तेव्हा त्यांना मागे वळून हात न्यावा लागला आणि त्या प्रयत्नात ताबा सुटून विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. तपासात झडपेच्या जागेसोबत न भरलेलं इंधन आणि त्या प्रकारच्या विमानाचं अपुरं प्रशिक्षण यांचीही नोंद झाली. पंख शाबूत होता, आराखडा उत्तम होता, वैमानिक अनुभवी होता. १७२ मध्ये न बघता झडपेकडे जाणारा हात मात्र इथे कामाला आला नाही.

म्हणून आधीच बांधलेलं विमान बघायला जाल तेव्हा पट्टे बांधून आत बसा आणि डोके न हलवता इंधनाची झडप, पंप, बॅटरीचा मुख्य स्विच आणि कॅनॉपीची (डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाची) कडी हाताला लागते का ते बघा. आराखड्याची प्रत समोर ठेवून बांधणाऱ्याला विचारा की तू कुठे कुठे बदल केलास आणि का. ज्याला त्या 'का'चं उत्तर देता येतं त्याच्याशी पुढची बोलणी करा. विमानाचं वजन प्रत्यक्ष काट्यावर केल्याची नोंद मागा. कारखान्यात एका विमानाचा तोल दुसऱ्यासारखा असतो, घरी मात्र जाड रंग, गुबगुबीत आसनं आणि मागे सरकवलेली बॅटरी मिळून तोल कुठच्या कुठे नेतात. चाचणीच्या उड्डाणांच्या नोंदी वाचा. पंचवीसही तासांसमोर फक्त 'ठीक' लिहिलेलं असेल तर चाचणी झाली नाही, नुसते तास भरले गेले. आणि तपासणीला न्याल तो माणूस तोच प्रकार बांधलेला किंवा सांभाळणारा असावा. १७२ चा उत्तम मेकॅनिक इथे कुठे बघायचं ते चुकवू शकतो.

देखभालीत किटच्या मालकाला मोठी मोकळीक आहे. अमेरिकेत बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं. पण ते त्या माणसाला मिळतं, विमानाबरोबर विकलं जात नाही. तुम्ही दुसरे मालक असाल तर रोजचं काम हाताने करू शकाल, वार्षिक तपासणीला मात्र सहसा परवानाधारक मेकॅनिक लागतो. कारखान्याच्या विमानात दोष सापडला की नियामकाचा सक्तीचा आदेश येतो. किटच्या बाबतीत आराखडा बनवणारी कंपनी सूचना काढते आणि ती पाळायची की नाही हे बहुधा मालकावर सोडलेलं असतं. मी त्या सूचना सक्तीच्याच समजतो.

पैशाबद्दल एवढंच सांगतो की किटच्या किमतीत इंजिन, प्रोपेलर, उपकरणं आणि रंग येत नाहीत, आणि बांधणीचे तास तर कोणी धरतच नाही. आरव्ही-७ ला साधारण १,५०० ते २,००० तास लागतात. निम्मं तयार करून मिळणारं किट घेतलं तर ते कमी होतात. नोकरी सांभाळून हे काही वर्षांचं काम आहे आणि त्या वर्षांत तुमचं उडणं कमी होतं. मग पहिल्या उड्डाणाच्या दिवशी विमान नवं आणि वैमानिकाचा हात गंजलेला, अशी स्थिती येते. बांधायला घेतलंत तरी भाड्याचं उड्डाण बंद करू नका.

तेव्हा तुमच्यासाठी माझा कौल असा. घरच्यांना घेऊन येत्या वर्षभरात फिरायचं असेल तर चार आसनांचं, नोंदी नीट ठेवलेलं कारखान्याचं विमान घ्या. वेग हवा, दोनच आसनं चालतील आणि बांधण्यात रस नसेल तर चांगल्या बांधणाऱ्याचं, शंभर-दोनशे तास उडालेलं आरव्ही बघा आणि ते ताब्यात घेण्याआधी त्याच प्रकारात प्रशिक्षकाबरोबर पुरेसे तास करा. नुसते पैसे वाचतील म्हणून बांधायला घेऊ नका. बांधायचं ते बांधण्याची ओढ असेल तर, आणि तशी ओढ असेल तर यासारखं दुसरं काम नाही. प्रत्येक नळी कुठून कुठे जाते हे माहीत असलेल्या विमानात बसण्याचा निर्धास्तपणा मला कारखान्याच्या कुठल्याही विमानात मिळालेला नाही.

ती ओढ आहे की नाही हे ओळखायला किटवाल्यांची विक्रीची पद्धत उपयोगी पडते. किट टप्प्याटप्प्याने मिळतं: आधी शेपूट, मग पंख, मग धड. फक्त शेपटीचं किट मागवा आणि त्याआधी एखाद्या जाणत्या बांधणाऱ्याकडे रिव्हेट ठोकायला शिका. आडवा स्थिरक आणि रडर पूर्ण झाल्यावरही रात्री जेवण झालं की पाय गॅरेजकडे वळत असतील तर पंखांची मागणी नोंदवा. तसं होत नसेल तर तिथेच थांबा. नीट बांधलेल्या शेपटीला दुसरा बांधणारा गिऱ्हाईक सहज मिळतो, अर्धवट धडाला तो शोधत बसावा लागतो.